डेकोरावाली पाहुणी

ती दुकानात शिरली तेव्हा मला वाटलं, तिला सेफ्टी पिन हवी असेल. आदल्या संध्याकाळी घरी आल्यापासून तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. पाणी दिलं की वाकून घ्यायची, ताट वाढलं की वाकून जेवायची, आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून शांत बसायची.

अकोल्याच्या जठारपेठेत माझं कटलरीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. टिकल्या, बांगड्या, रबरं, नेलपेंट, लहान मुलींच्या क्लिपा, सगळा हाच माल. मिस्टर नोकरीनिमित्त वाशीमला, मुलगी फार्मसी शिकायला अमरावतीला, म्हणून एरवी घरात मी आणि माझी आई दोघीच. त्या आठवड्यात ही तिसरी. नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा आटोपून जपानच्या एका विहारातली मंडळी वऱ्हाडात फिरायला आली होती. अकोल्यात आलेल्यांची सोय आमच्या महिला मंडळानं घरोघरी केली, आणि ही आमच्या वाट्याला आली. पंचेचाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, राखाडी पँट, पांढरा सदरा, कानाखाली सरळ कापलेले केस. तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते, त्यांना आंघोळ घालते, जेवू घालते, एवढं पहिल्या दिवशी कळलं होतं.

कळलं ते फोनमुळं. ती जपानीत बोलायची आणि फोन आमच्याशी मराठीत बोलायचा, पण कसं, तर एखाद्या जुन्या पुणेरी मास्तरांसारखं. "आपल्या आदरातिथ्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे." आई म्हणाली, "हा फोन सरकारी हाये का वं?" आणि आईची वऱ्हाडी त्या फोनच्या डोक्यावरून जायची. "भूक लागली असन तं सांगजो बाप्पा," असं आई प्रेमानं म्हणाली, त्याचं फोननं काय केलं कोण जाणे, पाहुणी दचकून उभीच राहिली. तेव्हापासून आईचं बोलणं आधी मी शुद्ध करायचं आणि मग फोनला सांगायचं, असं ठरलं.

तर ती दुकानात आली आणि लहान मुलींच्या क्लिपांच्या पत्त्यांसमोर थांबली. स्ट्रॉबेरी, फुलपाखरं, तारे, अस्वलं, चकाकणारे बो. बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग फोन बोलला, "हे मी धारण करून पाहू शकते का?"

"घे ना," मी म्हटलं.

तिनं एक स्ट्रॉबेरी काढून कपाळावरच्या बटेला लावली. मग तिच्या शेजारी तारा. मग त्याच्या खाली अस्वल. आरसा नको म्हणाली. बोटांनाच सगळं ठाऊक असल्यासारखी ती लावत गेली, एकीला चिकटून एक, एकीवर एक, दोन्ही बाजूंनी. शाळेच्या दोन मुली रबरं घ्यायला आल्या होत्या, त्या पैसे हातात धरून तशाच उभ्या. "काकू, या कोण आहेत?" मी म्हटलं, "पाहुण्या आहेत." त्यांना ते पुरलं नाही, मलाही पुरलं नाही.

शेवटी पुढचे केस दिसेनासे झाले. तेव्हा तिनं डोळे मिटले आणि डोकं हलकेच हलवलं. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटून खुळखुळ असा आवाज झाला. तो ऐकून ती हसली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा.

आई मागून आली आणि दारातच थांबली. "बाई माय! इनं तं सारं दुकान डोक्यावर घेतलं!"

तेवढ्यात माझी मुलगी आली. शनिवारची सुट्टी म्हणून सकाळच्या बसनं निघाली होती. पाठीवरची बॅगही तिनं उतरवली नव्हती, पाहुणीकडं पाहून ती ओरडली, "आई, डेकोरा!"

पाहुणी गर्रकन वळली. त्या एका शब्दाला फोन लागला नाही.

"तुले काय मालूम?" आईनं नातीला विचारलं.

"अवं आजी, जपानमधल्या पोट्ट्या अशा राहतात. म्हणजे राहायच्या. काहीजणी आताही राहतात. व्हिडिओ आहेत भल्ले."

"पन काहून?"

"आवडते म्हणून."

आईला हे उत्तर पटलं नाही. मलाही खरं सांगायचं तर पुरेसं वाटलं नाही. वीसेक वर्षं मी क्लिपा विकते. पोरी येतात, हट्ट करतात, आया रागावतात, शेवटी एक जोडी घेऊन जातात. एका जोडीच्या पुढं जावं असं कोणाला का वाटेल, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. त्या दुपारी तो असा काही पडला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

ती टोकियोपासून लांब, चहाच्या मळ्यांच्या एका लहान गावात वाढली. शाळेचा गणवेश गडद निळा. केसांना रबर काळं किंवा तपकिरीच. मास्तरीण दारात उभी राहून तपासायची. "आम्ही सगळ्या मागून एकसारख्या दिसायचो," फोन म्हणाला. "एकदा माझ्या आईने दुसऱ्याच मुलीला हाक मारली."

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. थोरल्या मावसबहिणीबरोबर ती एका रविवारी टोकियोतल्या हाराजुकूला गेली. तिथं स्टेशनजवळचा एक रुंद रस्ता रविवारी गाड्यांना बंद असायचा. पोरं गिटार वाजवायची, कोणी नाचायचं, बाकीचे नुसते हिंडायचे. मावसबहिणीला गाणं ऐकायचं होतं. हिला मात्र रस्त्याच्या कडेला बसलेली एक मुलगी दिसली. डोक्यावर क्लिपांचा थर, गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा, पायात एकावर एक तीन रंगांचे मोजे, खांद्याला कापसाचं अस्वल, तीच पर्स, आणि नाकावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी.

"नाकाले लागलं होतं का तिच्या?" आईनं काळजीनं विचारलं.

मी शुद्ध करून फोनला सांगितलं. पाहुणी हसत सुटली. "जखम नव्हती. पट्टीवर ससा छापलेला होता. सशासाठी पट्टी लावली होती."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मुलीकडं पाहिलं. मुलगी म्हणाली, "बरोबर आहे. व्हिडिओत पण असते."

मग पाहुणीही जायला लागली. घरून साध्या कपड्यांत निघायचं, सामान पिशवीत. हाराजुकूच्या स्टेशनच्या संडासात कपडे बदलायचे. तिथं आरशासमोर तिच्यासारख्या गावोगावच्या पुष्कळ मुली असायच्या, पिना देत-घेत, मोजे ओढत. हा माल कुठून आणायचा, असं मी विचारलं. धंद्याचा प्रश्न, तो माझ्या तोंडून येणारच. म्हणाली, खेळण्यांच्या दुकानातून. लहान मुलांच्या वस्तू स्वस्त, त्या भरपूर घेता येतात. उरलेलं घरी करायचं. मणी ओवायचे, कापडाची फुलं चिकटवायची, जुन्या खेळण्याला साखळी लावायची. मोठ्या दुकानांत त्यांच्यासाठी काही नव्हतं, म्हणून त्यांनी आपलंच उभं केलं.

"डेकोरा म्हंजे काय पन?" आई म्हणाली.

"डेकोरेशन," मुलगी म्हणाली. "त्यातूनच आला तो शब्द."

"लग्नातलं डेकोरेशन?"

फोननं विचारलं, पाहुणीनं मान डोलावली. हो, तेच.

"तं माणसाचाच मांडव केला म्हना!" आई म्हणाली. ते मी फोनला कितीदा, किती तऱ्हेनं सांगितलं, पण पाहुणीपर्यंत ते काही नीट पोचलं नाही.

मला एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. पहिली कोण? कोणीतरी एक मुलगी असेल ना, जिनं सगळ्यांत आधी हे केलं? माझ्या मुलीनं व्हिडिओत ऐकलं होतं की टीव्हीवरची एक गायिका अशी राहायची, तिनंच हे आणलं. पाहुणीनं मान वाकडी केली. गायिका होती, पोरी तिच्यामागं वेड्या होत्या, हे खरं. "परंतु रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या मुलीला मी विचारले होते. ती म्हणाली, मी दुसऱ्या एका मुलीला पाहून शिकले. त्या दुसरीला मी नंतर भेटले. तिने तिसरीचे नाव सांगितले. तिसरी कधी सापडली नाही."

एक फोटोवाला मात्र नेहमी यायचा. तो आधी वाकून नमस्कार करायचा आणि विचारायचा, फोटो काढू का? मग प्रत्येक वस्तू कुठून घेतली ते विचारायचा. ते फोटो मासिकात यायचे. ते पाहून आणखी दूरच्या गावांतल्या मुली येऊ लागल्या. पुढं तो रस्ता रविवारीही गाड्यांना खुला झाला. बसायला जागा राहिली नाही, गर्दी पांगत गेली. तिलाही नोकरी लागली. तिच्या आईनं क्लिपा शेजारच्या मुलींना वाटून टाकल्या. तेव्हापासून आजपर्यंत एकही लावली नव्हती, म्हणाली.

 आई मला म्हणाली, "इले सांग, आमच्यात उलटं झालं."

आईचं माहेर बाळापूरजवळचं. तिच्या मायच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत गिलटाचे दागिने असत, पायात जड वाळे. हौस म्हणून नव्हे. तुम्ही चांदी घालायची नाही, लुगडं घोट्यापर्यंत नेसायचं नाही, हे दुसऱ्यांनी ठरवलेलं. दुरून पाहिलं तरी बाई कोणाची ते कळावं म्हणून. "मंग दीक्षेच्या वक्ती वस्तीतल्या बाया लिंबाखाली बसल्या अन् एकमेकीच्या हातातलं काढून देल्लं. निघे ना, तं साबन लावू लावू काढलं. मी तवा जलमली नव्हती. पन मायच्या हातावरचे पांढरे डाग मी पायले हायेत. मंग तिनं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं, ते मरेपर्यंत."

हे मी आधी ऐकलेलं होतं. आमच्या घरात कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, फिक्या रंगाचे असायचे ते यामुळंच. मी डिग्री करून रंगीत प्लास्टिक विकायला बसले, हे आईला कधी फारसं रुचलं नाही तेही यामुळंच. पण फोनला समजेल अशा साध्या वाक्यांत ते पहिल्यांदाच सांगत होते, आणि एकेक वाक्य सांगून थांबावं लागत होतं. त्या थांबण्यात ते मलाच नवं वाटायला लागलं.

पाहुणीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काढल्यानंतर त्यांना कसे वाटले?"

"माय मने, वाहत्या पान्यात हात घातल्यावानी वाटलं."

पाहुणी म्हणाली, क्लिपा लावल्यावर मलाही तसंच वाटायचं.

आईला हे मान्य नव्हतं. "काढनं अन् घालनं एकच असते का?"

पाहुणीनं डोक्यावरची एक क्लिप चाचपली, विचार केला. "मला कोणीही सांगितले नव्हते. म्हणून."

"हां," आई म्हणाली. "मंग ठीक हाये." आणि चहा ठेवायला उठली.

संध्याकाळी मी दुकान पूर्ण उघडलं तर पाहुणी माझ्याबरोबर आली आणि कप्पे पाहत हिंडली. तिनं मला विचारलं, "यातील आपले कोणते?"

"सगळंच माझं आहे," मी म्हटलं.

"नाही. आपले स्वतःचे."

मी माझ्या केसांना हात लावला. काळं रबर होतं. आरशात पाहिलं तर फिकट निळा ड्रेस, पांढरी ओढणी. आवडता रंग कोणता, असं मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला नाही. गुलाबी? नको. लाल? जांभळा? मी एकेक पत्ता हातात घेतला आणि ठेवून दिला. वस्तू कोणाला शोभेल हे मला गिऱ्हाईक दारात आलं की कळतं, पण स्वतःच्या बाबतीत अंदाजच येईना. हसू आलं आणि थोडी चिडचिडही झाली.

तिनं मग खालच्या कप्प्याकडं बोट केलं. तिथं पोपटी क्लिपा, पोपटी बो, पोपटी हेअरबँड. पोपटी रंग माझ्याकडं खपत नाही. मुली गुलाबी मागतात, नाहीतर लाल. ठोकवाले दर वेळी म्हणतात, "ताई, हा कोणी घेत नाही, काहून बोलावता?" आणि मी म्हणते, असू द्या, एक डझन टाका.

"हा रंग विकला जात नाही," फोन म्हणाला. "तरीही आपण आणता."

मी तो कप्पा उघडला. 

दुसऱ्या दिवशी रविवार. पाहुणीच्या मंडळींना अमरावतीच्या विहारात जमायचं होतं. मुलीलाही परत जायचं होतं, म्हणून आम्ही तिघी बसनं निघालो. एक पिशवी तिच्या सामानाची आणि एक माझ्या दुकानातल्या मालाची. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मुलगी फोनवर तिच्या दोन मैत्रिणींना सांगत होती, "काहीच घालू नका. म्हणजे साधं घाला. बाकी आम्ही आणून राहिलो."

मुलींच्या भाड्याच्या खोलीत मग जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. पाहुणी मध्ये पाटावर बसलेली, समोर तिघींची डोकी पाळीपाळीनं. होळीचा चष्मा, राखीचे गोंडे, गणपतीत उरलेली झिरमिळ्यांची माळ, मुलींनी जे आणून दिलं ते सगळं तिनं त्यांच्यावर आणि स्वतःवर चढवलं. एका मैत्रिणीनं भीत भीत विचारलं, "आता जास्त होत नाही का?" पाहुणी म्हणाली, कमी वाटलं तर एक लावायची, आणि जास्त वाटलं तरी अजून एक लावायची. शेवटी मला बसवलं. मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही. ती पोपटी क्लिपा लावत गेली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे ते हात, केस जराही ओढला गेला नाही.

उन्हं उतरल्यावर आम्ही पाचजणी बाजारात निघालो. पहिल्या वळणापर्यंत मी ओढणी डोक्यावरून घेतली होती. गरम झालं म्हणून काढली.

लोक थांबून पाहत होते. रागानं नव्हे, कोड्यात पडल्यासारखे. "कोनत्या दुकानाची जाहिरात हाये?" पहिल्याच पानठेल्यावरून आवाज आला. "नाही काका, असंच," मुलीची मैत्रीण म्हणाली. पुढं एक बाई, "पथनाट्य हाये का वं?" "नाही काकू, असंच." कोणाला नवीन ब्युटी पार्लर वाटलं, कोणाला मतदानाची जागृती. खरं उत्तर एकच होतं, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. पाहुणी सारखी विचारत होती, काय म्हणाले, काय म्हणाले? मुलगी सांगायची आणि ती हसायची. हाराजुकूतही बाहेरून आलेले लोक हेच विचारायचे म्हणे, तुम्ही काय विकता?

मग एक पन्नाशीचे गृहस्थ फोन समोर धरून आमच्या मागंमागं चालायला लागले. शूटिंग करत होते. मुली आखडल्या. एकीनं गळ्यातल्या माळा मुठीत धरल्या. मी काही बोलणार तेवढ्यात पाहुणी वळली, सरळ त्यांच्यासमोर गेली, कमरेतून वाकली आणि फोनमध्ये बोलली. भर बाजारात पुणेरी आवाज उमटला, "कृपया छायाचित्र घेण्यापूर्वी त्या मुलींची परवानगी घ्यावी."

गृहस्थ गोंधळले. फोन खाली घेतला. बाजूचे दोघंतिघं हसले. त्यांनी घसा खाकरला आणि मुलींना म्हणाले, "पोरींनो, एक फोटो काढू का? माह्या नातीले दाखवतो."

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. "काढा काका."

त्या ओळीनं उभ्या राहिल्या. पाहुणीनं त्यांना पाय आत वळवून उभं राहायला शिकवलं. मघाशी आखडलेल्या त्याच मुली हनुवटी वर करून उभ्या होत्या. मी पिशव्या घेऊन बाजूला झाले तर गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमी बी या ना. तुमचं हिरवं चांगलं दिसून रायलं." मी गेले. पिशव्या हातातच राहिल्या, फोटोत त्याही आहेत. मग त्यांनी, कोणी न सांगता, विचारलं, "हे कोठी भेटते?" आणि मी माझ्या दुकानाचा पत्ता सांगितला. पाहुणी टाळ्या वाजवायला लागली. तो फोटोवाला अगदी असंच विचारायचा, म्हणाली.

तिला विहारात सोडलं तेव्हा तिनं सगळं उतरवून परत राखाडी-पांढरं घातलं होतं. मला वाकून नमस्कार केला, मीही वाकले. रात्री उशिरा अकोल्याला पोचले. डोकं चांगलंच दुखत होतं, ते खरं. कानामागं क्लिपांचे वळ उठले होते. आईनं तेल लावून दिलं आणि विचारलं, "लोकं काय म्हनले?" मी सगळं सांगितलं. पानठेला, पार्लर, मतदान. तिला ते शूटिंगवाले गृहस्थ सगळ्यांत आवडले. पोपटी आता थोडा खपतो. फार नाही.

थंडीत पाहुणीचा निरोप आला, त्याच मास्तरी मराठीत. परत गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती एका रविवारी हाराजुकूला गेली होती. रस्ता गाड्यांनी भरलेला, दोन्ही बाजूंना मोठी दुकानं. एका गल्लीच्या तोंडाशी मात्र डेकोरा केलेली कॉलेजवयाची एक मुलगी उभी होती. ही थांबून पाहत राहिली. मुलीला वाटलं, कोणी भाबडी मावशी आहे, हिला हे नवीन असेल. म्हणून तिनं मोठ्या उत्साहानं डेकोरा कसं सुरू झालं, कोणी केलं, सगळं समजावून सांगितलं. त्यातलं बरंचसं चूक होतं.

मी लगेच विचारलं, मग तू सांगितलं नाहीस, की मी तिथं होते म्हणून?

उत्तर आलं, नाही. तिला सांगताना फार आनंद होत होता. शिवाय तिच्या गोष्टीत पहिली मुलगी सापडली होती, तेव्हा मी पुढचे विचारत राहिले.

आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी निरोप वाचून दाखवला तशी तिचा हात थांबला.

"कोन होती मंग ते पहिली?"

"ते नाही लिहिलं, आई."

"मंग इच्यार ना तिले," आई म्हणाली. "काहून थांबली?"